थंड इंजिन आणि मायव्होरचा डबा

उत्तरेकडच्या जंगलातल्या आमच्या तालसेले गावच्या शाळेत जो कुणी दुपारी जेवला, तो तिथल्या स्वयंपाकघरातल्या मायव्होरला विसरलेला नाही. गुरुवारी वाटाण्याचं सूप आणि मग पॅनकेक. सूप टाकून नुसता पॅनकेक मागणाऱ्याला ती पळी दाखवायची आणि पोरगं मुकाट्यानं सूप संपवायचं. आज त्या पोरांना पोरं झाली, पण दुकानात मायव्होर समोरून आली की अजून पाठ ताठ होते. तर अशी ही बाई. मापं न बघता शंभर पानांचं मीठ अचूक घालणारी, कमी बोलणारी आणि एकदा मनात घेतलं की मागे न हटणारी. निवृत्त झाल्यावर हिनं इंजिनाचा कॉम्प्युटर मनावर घेतला.

गावात त्याला कॉम्प्युटर कुणी म्हणत नाही. ‘मायव्होरचा डबा’ म्हणतात. आता म्हणतात ते मानानं, पण सुरुवातीला टिंगल म्हणूनच म्हणायचे.

त्याचं मूळ तिच्या नवऱ्यात, सिक्स्टेनमध्ये आहे. सिक्स्टेन म्हणजे कानाचा राजा. घरात बसून, रस्त्यावरून कुणाची गाडी गेली आणि तिचा कितवा प्लग कामचुकारपणा करतोय ते सांगायचा. त्यांची जुनी लाल स्टेशन वॅगन कार्ब्युरेटरची. हिवाळ्यात ती फक्त त्याचंच ऐकायची. चोक इतका ओढायचा, पेडल दोनदा दाबायचं, मग श्वास धरून थांबायचं, मग सेल्फ मारायचा. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरच्या गाड्यांच्या शर्यतीचे लाकडी चषक त्याच्या ओटीत किती पडले, ते बघायला त्यांच्या बैठकीच्या खोलीत जावं. मायव्होर काठावर कॉफी विकायची आणि टाळ्या वाजवायची.

मग सिक्स्टेनचे डोळे गेले. आंधळा नाही झाला, पण समोरच्या माणसाचा चेहरा धुक्यात गेल्यासारखा दिसायला लागला, आणि डॉक्टरांनी लायसन्स काढून घेतलं. गाडी आली मायव्होरकडे. आणि गाडी तिला काही केल्या दाद देईना.

त्या हिवाळ्यात ती सिक्स्टेनची औषधं आणायला एकटी शहरात गेली. औषधांच्या दुकानातून बाहेर येते तर गाडी गारठलेली. तिनं सिक्स्टेनला फोन लावला, फोन इंजिनाजवळ धरला, तो तिकडून सांगत होता, अर्धा चोक, नाही, पाऊण, आता थांब, आता मार. बॅटरी मेली, पण इंजिन काही उठलं नाही. शेवटी गावचा एव्हर्ट तिकडे आला होता, त्याच्या गाडीतून ती घरी आली. एव्हर्टनं वाटेत तिला धीर दिला, आणि गावात पोचल्यावर ही कथा पेट्रोल पंपापासून चर्चपर्यंत सगळ्यांना ऐकवली. सिक्स्टेन आडवा झाला की त्या घरातली गाडी पण आडवी, असं तो म्हणाला. हे मायव्होरच्या जिव्हारी लागलं.

त्यात मुलीचं शहरातून टुमणं सुरू झालं. फ्लॅट बघून ठेवलाय, खाली दुकान आहे, दवाखाना चालत जाण्यावर आहे. गाडीच चालवता येत नसेल तर तिथे जंगलात काय करताय? मुलीचं चूक नव्हतं. तालसेलेत गाडी नाही म्हणजे दूध नाही, औषध नाही, माणूस नाही. नवी गाडी घे, असंही चारजणांनी सुचवलं. पण जिचा प्रत्येक बोल्ट आपल्या नवऱ्याच्या हाताखालून गेलाय ती गाडी फुंकून टाकायची, हे मायव्होरच्या डोक्यात शिरेना. तिला एवढंच हवं होतं, की कडाक्याच्या थंडीत आपण एकटीनं किल्ली फिरवावी आणि इंजिन चालू व्हावं. नवऱ्याला फोन न करता.

इंजिनाला कधी किती पेट्रोल द्यायचं ते ठरवणारा हा डबा आला दक्षिणेकडच्या एका छोट्या दुकानातून, पोस्टानं. पावाच्या लादीएवढा. वसंत आणि उन्हाळा ती शेडमध्येच होती. कार्ब्युरेटर उतरवला, त्या जागी पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बसवले. इंजिनाच्या पुढच्या पुलीवर दातेरी चाक चढवलं, म्हणजे इंजिन फिरताना नेमकं कुठे आहे ते डब्याला दात मोजून कळावं. हवेसाठी एक सेन्सर, इंजिनाच्या पाण्याच्या तापमानासाठी एक. वायरींची जुडी तिनं विणकाम केल्यासारखी गुंफली आणि प्रत्येक वायरीवर चिठ्ठी बांधली. सिक्स्टेन शेडच्या दारात स्टुलावर बसून असायचा आणि नाक मुरडायचा. मदत मागितली की यायचा, पाना बरोबर हातात द्यायचा, आणि परत जाऊन नाक मुरडायचा. तो एकदा म्हणाला, की कान असलेल्या माणसाला काढून कान नसलेला डबा बसवणं हे त्यानं पहिल्यांदाच पाहिलं. मायव्होरला तेव्हा तो फक्त टोमणा वाटला. त्याला दुखलंय हे कळायला तिला बराच वेळ लागला.

उन्हाळ्यात गाडी लोण्यासारखी चालली. पण उन्हाळ्यात काय, कुणाचीही चालते. खरी कसोटी थंडीची. थंड इंजिनाला पहिल्या फिरकीला पेट्रोल जास्त लागतं, आणि किती जास्त, हे पाण्याच्या तापमानावर ठरतं. कमी पडलं तर इंजिन उठत नाही, जास्त झालं तर प्लग ओले होऊन बसतात. हे प्रत्येक तापमानाचं माप लॅपटॉप जोडून डब्यात आपण भरायचं. आणि मेख अशी, की प्रयोग दिवसाला एकच. सकाळी इंजिन एकदा चालू झालं की गरम झालं, मग पुन्हा पूर्ण गार व्हायला दुसरी सकाळ उजाडते. मायव्होर म्हणायची, दिवसातून एकदाच चव घेऊन सूप करायला सांगितल्यासारखं आहे हे.

आता आमच्याकडे इंजिनाला हीटर असतो. गाडीच्या नाकाखालून त्याची वायर लोंबत असते, ती झोपण्याआधी भिंतीवरच्या प्लगला लावायची, म्हणजे सकाळी इंजिन कोमट मिळतं. मायव्होरनं सिक्स्टेनला पहिल्या बर्फालाच बजावून सांगितलं, की या हिवाळ्यात वायर लावायची नाही. इंजिन पूर्ण गार हवंय. तो ‘हं’ म्हणाला.

थंडी पडली आणि घोळ सुरू झाला. बाहेर उणे पंचवीस, आणि डबा सांगतोय पाण्याचं तापमान अधिक पाच. मायव्होर चक्रावली. वायरी तपासल्या, अर्थिंग खरवडून पुन्हा आवळलं. तेच. सेन्सर खराब म्हणून दुसरा मागवला. तोही तेच सांगे. तिसरा मागवला आणि सोबत दुकानदाराला चार खरमरीत शब्द लिहिले. तिसराही तसाच निघाला. मग तिनं स्वतःच्या डोक्यानं मार्ग काढला. सेन्सर खोटं बोलतोय ना, मग डब्यातच दुरुस्ती घालून टाकू. अधिक पाच आलं की उणे पंचवीस समज, म्हणजे सरसकट तीस अंश वजा कर, असं तिनं डब्याला शिकवलं. आणि काय आश्चर्य, गाडी रोज सकाळी एका फिरकीत चालू व्हायला लागली. तिनं गावात ताठ मानेनं सांगितलं, की यंदा तळ्यावर मी उतरणार.

तळ्यावरच्या शर्यतीचा आमचा नियम जुना आहे. आदल्या संध्याकाळी गाड्या बर्फावर नेऊन ओळीत लावायच्या आणि घरी यायचं. हीटर नाही, बॅटरीवर घोंगडी नाही. सकाळी भोंगा झाला की किल्ली. ज्याची आधी चालू होईल तो आधी सुटणार. यात खरी शर्यत पहिल्या मिनिटातच होते, बाकीच्या फेऱ्या म्हणजे शोभा.

भोंगा झाला. मायव्होरनं किल्ली फिरवली. इंजिन एकदा गुरगुरलं आणि गप्प झालं. पुन्हा फिरवली. पेट्रोलचा भपकारा आला. प्लग ओलेचिंब. बाकीच्या गाड्या एकेक करून उठल्या, सुटल्या, फेऱ्या मारायला लागल्या, आणि ती तिथेच सेल्फ मारत बसलेली, बॅटरी रडकुंडीला येईपर्यंत. शर्यत संपल्यावर एव्हर्टनं ट्रॅक्टर आणला आणि सगळ्या गावासमोर गाडी ओढत नेली. स्टिअरिंगवर बसून राहणं भाग होतं, त्यामुळे तोंड लपवायचीही सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिला जाग आली ती अंगणातल्या पावलांनी. खिडकीतून बघते तर सिक्स्टेन गाडीपुढे वाकलेला. ती कोट अडकवून तशीच बाहेर गेली. तो हीटरची वायर काढून, गुंडाळून खुंटीला अडकवत होता.

“हे काय करतोयस?”

“वायर काढतोय.”

“लावली कधी?”

“रात्री. रोजच्यासारखी.” मग बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, “परवा रात्रभर बर्फावर कुडकुडली ती. म्हटलं, आज तरी ऊब मिळू दे.”

“रोजच्यासारखी? अरे, मी तुला सांगितलं होतं ना, लावायची नाही म्हणून?”

“ते तू तुझ्या डब्याबद्दल सांगितलंस. मी डब्याला हात तरी लावलाय का? मी इंजिनाला लावली.” आणि मग जरा हळू आवाजात म्हणाला, “चाळीस वर्षं लावतोय, मायव्होर. इंजिन गारठ्यात उघडं टाकून मला झोप येत नाही.”

म्हणजे सेन्सर खरं बोलत होते! तिन्हीच्या तिन्ही! रोज सकाळी इंजिन कोमटच होतं. मायव्होर पेपर आणायला उठायच्या आधी हा उठून वायर काढून ठेवायचा, कारण एकदा लावलेली वायर विसरून गाडी नेली आणि तुटली होती, तेव्हापासूनची सवय. आणि हिनं खऱ्या सेन्सरला खोटं ठरवून डब्यात स्वतःच खोटं भरलं होतं. तळ्यावर इंजिन खरंच उणे पंचवीसला गेलं तेव्हा डब्यानं त्यातूनही तीस वजा केले, त्याला वाटलं उणे पंचावन्न, गावात कधी पडली नाही अशी थंडी आहे, आणि त्यानं पेट्रोल ओतलं.

मायव्होर सिक्स्टेनवर जे भडकली, ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण शेडमध्ये जाऊन बसल्यावर तिला स्वतःचाच जास्त राग आला. सूप गरम आहे का बघायला आपण बोट बुडवतो, आणि अख्खा हिवाळा इंजिनाला एकदाही हात लावून बघितला नाही! तिनं आधी दुकानदाराला माफी लिहून पाठवली. नवऱ्याशी मात्र आठवडाभर अबोला धरला. जेवायला पाल्ट, म्हणजे आत मांस भरलेले बटाट्याचे उकडलेले गोळे, केले, तर त्याच्या ताटातल्या पाल्टमध्ये डुकराच्या मांसाचा तुकडाच नाही, नुसता बटाटा. त्यानं ते निमूटपणे खाल्ले. शेवटी त्याच्याच्यानं राहवेना.

“पुढच्या वर्षी एकदा बघू,” तो म्हणाला. “मी वायरीला हात लावणार नाही. बर्फावर चालू झाली तर झाली. नाही झाली तर कार्ब्युरेटर परत चढवायचा, आणि मग पुढे काय ते मुलीला विचारू.”

मुलीला विचारू म्हणजे काय, ते दोघांनाही ठाऊक होतं. म्हणजे फ्लॅट. मायव्होर ‘बरं’ म्हणाली.

“आणि चालू झाली तर?” तिनं विचारलं.

“तर मी तोंड बंद ठेवीन.”

“ते तुला या जन्मी जमायचं नाही,” ती म्हणाली, आणि अबोला संपला.

पुढच्या हिवाळ्याची तयारी तिनं शरदातच सुरू केली. रस्त्यावरच्या मिठाच्या पाण्यानं जोडण्यांच्या पिना हिरव्या पडल्या होत्या, त्या एकेक सोडवून ब्रशनं घासल्या, ग्रीस लावून परत बसवल्या. एक वायर घासून सोलायला आली होती, तिला नळी चढवली. डब्यातली आपली सगळी शहाणपणाची दुरुस्ती पुसून सेन्सरला त्याचं खरेपण परत दिलं. थंडी पडल्यावर रोज सकाळी आधी बॉनेट उघडायची, हातमोजा काढायची, इंजिनाला हात लावायची, हात चिकटतोय की काय असं वाटलं की खूश व्हायची, आणि मगच किल्ली.

पहिल्या पंधरवड्यात गाडीनं तिला रडवलं. कधी नुसती खोकायची, कधी चालू होऊन झटके खात बंद पडायची. ती चिमूटभर पेट्रोल वाढवायची आणि दुसऱ्या सकाळची वाट बघायची. दुसऱ्या दिवशी थंडी कमी, म्हणजे माप वेगळंच. हवामान खात्याचा माणूस उबदार आठवडा आहे म्हणाला की ती रेडिओलाच शिव्या द्यायची. पण हळूहळू एकेक तापमान ताब्यात येत गेलं. उणे दहा आलं, उणे अठरा आलं, उणे पंचवीस आलं. त्याखालचं मात्र शर्यत जवळ आली तरी पडलंच नाही, त्यामुळे तिथली मापं तिनं अंदाजानं भरली.

आणि सिक्स्टेन? बिचाऱ्याचे हाल बघवत नव्हते. एकदा संध्याकाळी मायव्होर लाकडं आणायला गेली तर तो भिंतीशी वायर हातात धरून उभा. लावली नव्हती. नुसता उभा. तिला बघून त्यानं ती खुंटीला अडकवली आणि म्हणाला, त्या प्लगला कुलूप घाल बाई, या हाताचा भरवसा नाही. तिनं खरंच कुलूप घातलं.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी आभाळ निवळलं. निवळलं म्हणजे थंडी. सकाळी तळ्यावर पोचलो तर पारा उणे एकतीसवर. नाकातले केस ताठ झालेले. एव्हर्ट कॉफीच्या टेबलाशी उभा राहून सगळ्यांना सांगत होता, की ट्रॅक्टर मी कालच धुऊन ठेवलाय, मायव्होरला मळक्या ट्रॅक्टरनं ओढायला बरं दिसत नाही. लोक हसले. मायव्होरही हसली. जे माप तिनं एकदाही चाखलं नव्हतं, त्याच मापावर आज सगळं होतं. तिचं घर, तिचं गाव.

ती गाडीत बसली. सीट लाकडासारखी कडक. भोंगा झाला.

तिनं किल्ली अर्धी फिरवली आणि थांबली. इंजेक्टरला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाची घरघर ऐकली. डावीकडे उजवीकडे सगळे सेल्फ मारत सुटले होते, खर्र खर्र खर्र, आणि ही अजून थांबलेलीच. मग तिनं किल्ली पूर्ण फिरवली. इंजिन जड जड फिरलं. एक वेळ. दोन वेळ. आणि खोकलं, आणि धरलं! आवाज चढला, जरा डगमगला, मायव्होरनं पेडलला पायही लावला नाही, तो डब्यानं आपणहून सावरला आणि स्थिर झाला. तिनं गियर टाकला आणि सुटली.

अख्खं तळं तिचं होतं. पहिल्या वळणावर तिनं आरशात बघितलं तर मागे कुणी नाही. सगळ्या गाड्या अजून ओळीतच, बॉनेट वर, माणसं वाकलेली. ती मोठ्यांदा हसली, एकटीच, काचा बंद गाडीत. बायका कॉफीची भांडी बडवायला लागल्या. ती अर्धी फेरी मारून आली तेव्हा एव्हर्टची गाडी उठली, आणि गडी काही लेचापेचा नाही, त्यानं वळणावळणावर अंतर खाल्लं आणि शेवटच्या फेरीत तिच्या बंपरला येऊन भिडला. पण मायव्होरनं त्याला आतली बाजू दिली नाही. पळी दाखवून पोरांना ओळीत उभं करणारी बाई ती, एव्हर्टला काय सोडते. ती पहिली आली. भोंग्यावरून तिचं नाव पुकारलं, तेव्हा सूप पिऊन मोठं झालेलं सगळं गाव ओरडलं, आणि एव्हर्टनं टोपी काढून तिच्यापुढे हात केला.

तिनं हात मिळवला, पण नजर सिक्स्टेनला शोधत होती. तो काठावर, दोरीला धरून उभा होता. तिनं गाडी त्याच्यापाशी नेली आणि दार उघडलं.

“बस,” ती म्हणाली.

तो चाचपडत बसला. ती पुन्हा तळ्यावर निघाली. अर्धी फेरी झाली तरी तो गप्प. शब्द पाळतोय हा, तोंड बंद ठेवतोय, असं तिला वाटलं, आणि जिंकलेल्या दिवशीसुद्धा ते तिला आवडलं नाही. तेवढ्यात त्यानं मान कलती केली.

“तिसऱ्या गियरला रेस दिलीस की आवाज कोरडा येतोय,” तो म्हणाला. “पेट्रोल कमी पडतंय तिथं. तुझ्या डब्याला ऐकू येत नाही का?”

“नाही,” ती म्हणाली. “त्याला कान नाहीत. तूच म्हणाला होतास.”

तिनं तळ्याच्या मधोमध गाडी थांबवली, मागच्या सीटवरून लॅपटॉप ओढला, मांडीवर उघडला. त्या जागेवर थोडं पेट्रोल वाढवलं आणि गाडी पुन्हा पळवली. तो डोळे मिटून ऐकत होता. अजून जरा, म्हणाला. तिनं अजून जरा वाढवलं. नको, हे जास्त झालं, अर्धं मागे घे. तिनं घेतलं. काठावर लोक चषक घेऊन खोळंबले होते, कुणीतरी हात हलवून हाका मारत होतं. मायव्होरला समोरचं सगळं पाणावल्यासारखं दिसत होतं, आणि तिला ते पुसायचंही नव्हतं.

“आता?” तिनं विचारलं.

“आता बरोबर,” सिक्स्टेन म्हणाला. मग सीटमध्ये नीट मागे टेकून बसला. “चौथा टाक. तिथलंही ऐकू दे.”